उबंटू अपडेट घेईना? या चुका टाळा

जूनमध्ये खानापूर तालुक्यातल्या एका शाळेतून फोन आला. “सर, लॅबमधले चार संगणक अपडेटच घेईनात बघा. कुणी हॅक केलंय की काय?” जाऊन बघितलं, तर उबंटू (विंडोजसारखीच, पण मोफत संगणकप्रणाली) चालवणाऱ्या त्या चौघांची तारीख दोन वर्षं मागे. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला आणि आपोआप वेळ जुळवणं बंद केलेलं. रिपॉझिटरी म्हणजे पॅकेजांचं, अर्थात तयार सॉफ्टवेअरच्या गठ्ठ्यांचं, ऑनलाइन भांडार. तिथल्या यादीवर तारीख असते. संगणकाला ती भविष्यातली वाटली, म्हणून ‘नॉट व्हॅलिड येट’ म्हणत तो अडून बसला. साठ रुपयांच्या आतलं काम!

पण त्याआधी कुणीतरी वैतागून सोर्सेसच्या (पॅकेजं कुठून आणायची ते सांगणाऱ्या) फाइलमध्ये ‘ट्रस्टेड येस’ लिहून ठेवलं होतं. तारखेचा घोळ त्याने सुटत नाहीच, उलट सहीची तपासणी जाते. मिरर म्हणजे मूळ भांडाराची नक्कल. ती एखाद्या विद्यापीठाच्या किंवा कंपनीच्या सर्व्हरवर असते. रेशन कुठल्याही दुकानातून घ्या, पोत्याचं सील गोदामाचंच हवं, तसं हे. यादीवर उबंटूची सही, यादीत प्रत्येक पॅकेजचा हॅश, म्हणजे त्यातल्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा. म्हणून मिरर कुणाचाही चालतो. सील न बघता पोतं घेतलं, तर आत काय निघेल सांगता येत नाही.

‘हॅश सम मिसमॅच’ (हॅश जुळत नाही) आला की लगेच फॉरमॅट मारू नका. बहुतेक वेळा मिररची नक्कल अर्धवट झालेली असते. तासाभराने ‘एपीटी अपडेट’ (यादी नव्याने आणायची आज्ञा) द्या, नाहीतर मिरर बदला. ‘४०४’ (फाइल सापडली नाही) आला तर आधी यादी जुनी नाही ना ते बघा. अपडेट न देता थेट इन्स्टॉल करायची सवय फार. तरीही गेला नाही, तर आवृत्तीच संपलेली असेल. मधल्या आवृत्त्यांना ९ महिनेच आधार असतो, मग त्या ‘ओल्ड रिलीजेस’मध्ये जातात आणि सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबतात. शाळेसाठी एलटीएसच, म्हणजे दीर्घकाळ आधार असलेली आवृत्तीच घ्या. तिला ५ वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहतात.

लॉक फाइल (एका वेळी एकच अपडेट चालावं म्हणून लावलेलं कुलूप) पुसणं हा आमच्याकडचा आवडता उद्योग. अहो, मागे आपोआप अपडेट चाललेलं असतं, चहा घेऊन या! मध्येच लाइट गेली, तर ‘डीपीकेजी कॉन्फिगर ऑल’ची आज्ञा अर्धवट राहिलेलं काम पुरं करते.

आणि बारा संगणक एकाच मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लावू नका. एकावर ‘एपीटी कॅशर एनजी’ (आणलेली पॅकेजं साठवून ठेवणारा प्रोग्राम) बसवा, बाकीच्यांना त्याच्या ३१४२ पोर्टकडे वळवा. तेच पॅकेज बाहेरून एकदाच येतं.