दीर्घिकांचे फोटो काढायचेत? दुर्बिणीआधी माउंट बघा

चंद्राचे आणि शनीचे बरे फोटो यायला लागले की दीर्घिकांची ओढ लागते, आणि तिथे आधी शिकलेलं बरंचसं कामाला येत नाही. चंद्र झगझगीत, त्याचं काम सेकंदाच्या शंभराव्या भागात होतं. दीर्घिकेचे सर्पिल हात मात्र रात्रीच्या आकाशाच्या स्वतःच्या उजेडाहूनही मंद असतात. एम५१ ही दीर्घिका लहान दुर्बिणीतून डोळ्याने पाहिली तर दोन धुरकट ठिपके दिसतात, बाकी काही नाही. तिची सर्पिल रचना ओळखली लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये, आणि त्यासाठी त्यांना ७२ इंची आरशाची दुर्बीण लागली. आज ६ इंची दुर्बीण तीच रचना फोटोत दाखवते, कारण कॅमेरा तासन्‌तास प्रकाश साठवू शकतो. नवख्याच्या बहुतेक अडचणी या साठवणीतूनच उभ्या राहतात.

पैसे कशावर घालायचे? नवखा माणूस आरशाचा आकार बघतो. माझं म्हणणं असं की निम्मं बजेट माउंटला, म्हणजे दुर्बीण पेलून फिरवणाऱ्या बैठकीला द्या आणि उरलेल्यात बसेल ती दुर्बीण घ्या. पृथ्वीच्या फिरण्यामुळे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) सरकतं आणि माउंटने ते रात्रभर बिनचूक भरून काढायचं असतं. माउंट इक्वेटोरियलच हवा, म्हणजे पृथ्वीच्या अक्षाला समांतर अक्षाभोवती फिरणारा. वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा ऑल्ट-अझिमथ माउंट लक्ष्य मध्यभागी धरून ठेवतो, पण चित्र हळूहळू गोल फिरतं आणि कडेच्या ताऱ्यांच्या कमानी होतात. माउंट किती वजन पेलतो म्हणून कंपनीने लिहिलेलं असतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास थांबा.

माउंटचा अक्ष आकाशाच्या ध्रुवाकडे रोखावा लागतो. ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून अर्ध्या अंशाहून जास्त दूर आहे, त्यामुळे नुसता तो मध्यभागी आणून भागत नाही; पोलर अलाइनमेंट सॉफ्टवेअरने पक्कं करा. तरीही गिअरचा दोष राहतोच. माउंट फिरवणाऱ्या वर्म गिअरचा एक फेरा काही मिनिटांचा असतो आणि तेवढ्यात स्वस्त माउंट दहा-वीस विकला सहज मागेपुढे डुलतो. त्यावर उपाय गाइडिंग. मुख्य दुर्बिणीवर एक छोटी दुर्बीण, तिला छोटा कॅमेरा आणि पीएचडी२ हा मोफत प्रोग्रॅम. तो ताऱ्यांवर नजर ठेवतो आणि दर दोन-तीन सेकंदांनी माउंटला दुरुस्ती पाठवतो. माउंट किती चुकतोय याचा आलेख स्क्रीनवर दिसत राहतो. सरासरी चूक एका विकलेच्या आसपास आली की तारे गोल येतात. आलेख वेडावाकडा नाचायला लागला की सगळे आधी सेटिंग बदलत बसतात. त्याआधी ट्रायपॉडचे स्क्रू आवळा, लोंबणाऱ्या केबल माउंटला बांधून टाका आणि तोल बघा. आरए अक्षाचा (ध्रुवाकडे रोखलेल्या अक्षाचा) तोल पूर्वेकडे जरासा जड ठेवला तर गिअरचे दात एकाच बाजूने टेकलेले राहतात आणि गचके बसत नाहीत. निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

दीर्घिका लहान दिसतात, मग २००० मिमी फोकल लेन्थची, चित्र मोठं करणारी दुर्बीण घेऊ, हा विचार पटण्यासारखा असला तरी सुरुवातीला तो फसवतो. हिशेब सोपा आहे: पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्या, २०६ ने गुणा, मिलिमीटरमधल्या फोकल लेन्थने भागा; एका पिक्सेलवर किती विकला येतात ते कळेल. ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर ५०० मिमीवर हे उत्तर सुमारे १.५ येतं, २००० मिमीवर ०.४ च्या खाली. आता वातावरणाच्या थरथरीमुळे साध्या रात्री तारा दोन ते चार विकला पसरतोच. म्हणजे २००० मिमीवर तोच धूसरपणा जास्त पिक्सेलांवर पसरेल आणि माउंटची बारीकसारीक चूकही उघडी पडेल. ५०० ते ८०० मिमी पुरे. एम५१ ची लांबी ११ कला (६६० विकला) आहे, ती ८०० मिमीवर सुमारे ६८० पिक्सेल व्यापते. पाहायला छान.

आकाशाबद्दल फारसं गोड बोलता येणार नाही. शहराचं आकाश अंधाऱ्या माळरानापेक्षा पंधरा-वीस पट उजळ असू शकतं. तेजोमेघांसाठी (वायूच्या चमकत्या ढगांसाठी) मिळणारे अरुंद पट्ट्याचे फिल्टर इथे वाचवत नाहीत. तेजोमेघ ठरावीक रंगांतच चमकतो, तर दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा, सगळ्या रंगांचा प्रकाश. दिव्यांचा उजेड अडवायला गेलात तर तोही अडतो. एम८२ मधून बाहेर पडणारा लाल हायड्रोजन हा ठळक अपवाद. एरवी गाडी काढून अंधारात जाणं हाच खरा फिल्टर. दोन-तीन मिनिटांचे शंभरेक फोटो काढून ते स्टॅक करायचे, म्हणजे एकावर एक रचून त्यांचं एकच चित्र करायचं. चित्र दुप्पट स्वच्छ हवं तर वेळ चौपट लागतो, त्यामुळे एका रात्री चार दीर्घिका उरकण्यापेक्षा चार रात्री एकीलाच द्या.

फ्लॅट फोटोंचा, म्हणजे डाग नंतर काढून टाकण्यासाठी घेतलेल्या एकसारख्या उजळ फोटोंचा कंटाळा करू नका. सेन्सरसमोरच्या धुळीचे गोल डाग आणि कोपऱ्यांतला काळोख, दोन्ही दीर्घिकेच्या अंधुक कडांएवढेच ठळक असतात. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून पहाटेच्या उजेडात हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) मध्यावर येईल असे वीस-तीस फोटो घ्या, पण कॅमेरा न फिरवता आणि फोकस न हलवता. फोकससाठी बाख्तिनोव्ह मास्क (दुर्बिणीच्या तोंडावर बसवायची खाचांची जाळी) वापरा आणि हवा गार होत जाईल तसा फोकस पुन्हा तपासा.

स्टॅक केलेलं चित्र उघडलं की ते जवळजवळ काळं दिसतं. घाबरू नका, माहिती आत आहे. सिरिलसारख्या मोफत प्रोग्रॅममध्ये ते थोडंथोडं ताणा, म्हणजे त्यातले अंधुक भाग उजळवत न्या. एकदम ताणलं तर गाभा पांढराफटक होतो. पार्श्वभूमीही ठार काळी करू नका. तसं केलं की बाहेरचं अंधुक वलय पहिलं जातं.

कोणती दीर्घिका आधी घ्यावी? प्रतीवर (तेजस्वितेच्या आकड्यावर; आकडा मोठा तितकी दीर्घिका मंद) जाऊ नका. एम१०१ ची एकूण प्रत आठच्या आसपास म्हणून ती सोपी वाटते, पण तो प्रकाश जवळपास चंद्राएवढ्या भागात पसरलेला आहे. एम८२ प्रतीने मंद, तरी आटोपशीर असल्याने लवकर उमटते, आणि शेजारची एम८१ त्याच चौकटीत मावते. देवयानी दीर्घिका तीन अंशांची, ८०० मिमीच्या चौकटीत सहसा मावत नाही; तिला कॅमेऱ्याची साधी टेलिफोटो लेन्स लावा. उत्तर गोलार्धात मार्च ते मे हा दीर्घिकांचा हंगाम, कारण तेव्हा संध्याकाळनंतर आपली नजर आकाशगंगेच्या पट्ट्यातून बाहेर, सिंह आणि कन्या राशींकडे जाते. त्यातही अमावास्येच्या आसपासच्या रात्री आधीच कॅलेंडरवर राखून ठेवा.