कोंबडी आणि भाज्यांचा दाटसर रस्सा: या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यांत ‘स्ट्यू’ हा शब्द अजून चुलीपर्यंत पोहोचलेला नाही. परंतु कोंबडी आणि चार भाज्या एकाच गंजात, म्हणजे उभट पातेल्यात, घालून, मसाला बेताचा ठेवून, सावकाश शिजवलेला दाटसर रस्सा अनोळखी नाही. पौषातल्या थंडीत तुरीच्या शेंगा भरलेल्या असतात, आठवडी बाजारात गाजरांचे ढीग लागलेले असतात आणि कवेलूंवरून, म्हणजे कौलांवरून, उतरवलेले कोहळे (आमच्याकडे लाल भोपळ्यालाच कोहळे म्हणतात) घरात ठेवलेले असते, तेव्हा या रश्श्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. सोपा समजला जातो म्हणूनच तो वारंवार बिघडतो. कधी मांस चिवट राहते आणि बटाट्यांचा गाळ होतो, तर कधी मांसाचे दोरे सुटतात आणि बटाटे मात्र दाताखाली करकरतात. या दोन्ही तक्रारींचे मूळ माझ्या अनुभवात एकच आहे: गंजातल्या प्रत्येक वस्तूची शिजण्याची वेळ वेगळी असते आणि आपण त्या सगळ्यांना एकाच वेळी चुलीवर बसवतो.

पुढचे सगळे विवेचन पुढील मापावर आधारलेले आहे: १ किलो कोंबडी, ३ मध्यम कांदे, पाव किलो बटाटे, २०० ग्रॅम गाजर, पाव किलो कोहळे, शेवग्याच्या २ शेंगा, वाटीभर सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे, आणि सुमारे दीड लिटर पाणी. एवढ्यात पाच माणसे भाकरीसोबत पोटभर जेवतात.

गावरान आणि ब्रॉयलर यांना एकच वेळ देणे

सर्वांत जास्त रस्से येथेच बिघडतात. बाजारात मिळणारी ब्रॉयलर कोंबडी साधारण सहा आठवड्यांची असते, तर अंगणात किडे-दाणे टिपत फिरलेली गावरान कोंबडी बहुधा सहा महिन्यांच्या पुढची आणि अंडी देऊन थकलेली असेल तर दोन-तीन वर्षांचीही असते. वय वाढते आणि पायांना व्यायाम मिळतो, तसतसे मांसातले कोलॅजेन, म्हणजे स्नायूंना बांधून ठेवणारे चिवट तंतू, अधिक पक्के होत जातात. हे तंतू सुमारे ७० अंश सेल्सिअसच्या पुढे हळूहळू विरघळून त्यांचे जिलेटिन होते आणि रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा येतो. या क्रियेला वेळ लागतो आणि केवळ जाळ वाढवून तो वेळ फारसा वाचत नाही.

त्यामुळे ब्रॉयलरच्या तंगडीचे तुकडे मंद उकळीवर ३५ ते ४० मिनिटांत होतात, गावरान कोंबडीला मात्र उघड्या गंजात दीड ते दोन तास द्यावे लागतात. कुकर वापरायचा असेल तर शिट्ट्या मोजण्याचा नाद सोडावा, कारण शिट्टी कधी वाजेल हे जाळावर आणि कुकरच्या आकारावर अवलंबून असते. पहिली शिट्टी झाल्यावर आच मंद करून मिनिटे मोजावीत: गावरानाला २० ते २५, फार जून कोंबडी असेल तर ४० पर्यंत. कुकरमध्ये केवळ मांस, कांदा, आले-लसूण, हळद आणि पाणी असावे. भाज्या नंतर, झाकण उघडून.

ब्रॉयलरच्या बाबतीत चूक नेमकी उलट होते. छातीच्या मांसात कोलॅजेन फारच थोडे असते, त्यामुळे ते जास्त शिजवल्याने मऊ न होता कोरडे आणि भुसभुशीत होते. तंगड्यांबरोबर छातीचे तुकडे सुरुवातीपासून उकळत ठेवणारा स्वयंपाकी मग वर तूप सोडून कोरडेपणा झाकू पाहतो. छातीचे तुकडे बाजूला काढून ठेवावेत आणि शेवटच्या १५ ते २० मिनिटांत घालावेत. तुकडा जाडसर असेल तर त्यातला सर्वांत जाड भाग तोडून पाहावा. आत गुलाबी कच्चेपणा राहू नये. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल, तर मध्यभागी किमान ७४ अंश तापमान आले पाहिजे.

पऱ्हाटीचा जाळ आणि उसळती उकळी

ही चूक पाककृतींच्या पुस्तकांत सहसा आढळत नाही, कारण ती पुस्तके गॅसच्या शेगडीसमोर लिहिलेली असतात. आमच्याकडे कापूस निघाला की अंगणात पऱ्हाट्यांचा आणि तुराट्यांचा (कपाशीच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा) ढीग लागतो आणि चुलीत तेच जाते. पऱ्हाटी भडकन पेटते, प्रचंड जाळ देते आणि दहा मिनिटांत राख होते. पिठलं किंवा भाकरीसाठी ते सोयीचे आहे. तासभर शांत शिजणाऱ्या रश्श्यासाठी तो जाळ घातक ठरतो. गंज एकदा उसळतो, एकदा थंडावतो, आणि त्या धक्क्यांनी बटाटे फुटतात, मांसाचे धागे सुटतात, वरची चरबी रश्श्यात मिसळून तो गढूळ होतो.

फोडणी आणि मांस परतणे पऱ्हाटीवर करावे, तेथे जोरदार जाळ उपयोगाचाच आहे. पहिली उकळी आली की बाभळीचे किंवा अन्य कठीण लाकडाचे एक-दोन खोड चुलीत सरकवून जाळ निखाऱ्यांवर आणावा. रश्श्याच्या पृष्ठभागावर काठाने एखाद-दुसरा बुडबुडा फुटत राहिला की आच बरोबर आहे. सगळा पृष्ठभाग खदखदत असेल तर दोन लाकडे ओढून घ्यावीत. गॅसवर करणाऱ्यांनी हाच नियम लहान बर्नर आणि अर्धवट झाकणाने पाळावा.

मांस परतण्याचे एक वाक्य येथेच सांगतो. तुकड्यांचे पाणी निथळून न घेता किंवा सगळे एक किलो एकदम कढईत लोटून ते परतले, तर मांस स्वतःच्याच पाण्यात वाफवते. पाणी असेपर्यंत तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही आणि तपकिरी रंगाला त्याहून बरीच जास्त उष्णता लागते. म्हणून दोन-तीन हप्त्यांत परतावे आणि तळाशी चिकटलेला तपकिरी थर थोड्या गरम पाण्याने सोडवून रश्श्यात मिसळून घ्यावा, कारण खरी चव तेथे असते.

बटाटे का शिजत नाहीत?

काही वर्षांपूर्वी शेतावर वेचणीच्या माणसांसाठी मी गावरान कोंबड्याचा रस्सा केला होता. मांस छान झाले होते, परंतु बटाटे तास-सव्वा तास झाला तरी कडकच होते, आणि मी त्याचा दोष बटाट्यांच्या जातीला दिला. खरा दोष माझाच होता. मी फोडणीतच चार आंबट टोमॅटो घातले होते आणि पाणी बोअरवेलचे, जड होते. आंबटपणामुळे भाजीच्या पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन सहज विरघळत नाही आणि जड पाण्यातले कॅल्शियम त्या पेक्टिनला आणखी घट्ट करते. डाळ न शिजण्याची जी कारणे आमच्या घरांत तोंडपाठ असतात, त्यांतलेच एक रश्श्यातल्या बटाट्यालाही लागू पडते, हे मला तोपर्यंत सुचले नव्हते.

तेव्हा टोमॅटो, चिंच किंवा लिंबू बटाटे आणि गाजर मऊ झाल्यावरच घालावे. पाणी फार जड असेल तर ते आधी खळखळून उकळावे, निवू द्यावे आणि भांड्याच्या तळाशी बसलेला पांढरा थर हलू न देता वरचे पाणी घ्यावे. उकळल्याने त्यातले सगळे नाही, तरी बरेचसे कॅल्शियम खाली बसते. आंबटपणा आधीच पडला असेल आणि बटाटे कडक राहिले असतील, तर ते काढून वेगळ्या साध्या पाण्यात उकळावेत आणि परत टाकावेत. सोडा घालून मऊ करण्याचा मार्ग मी सुचवणार नाही, कारण त्याने भाज्यांचा लगदा होतो आणि साबणासारखी चव रेंगाळते.

भाज्यांचा क्रम लक्षात ठेवायला सोपा आहे. मांस जवळजवळ शिजले की ३ सेंटीमीटरचे बटाटे आणि गाजराचे तुकडे घालावेत. त्यांना सुमारे २० मिनिटे लागतात. शेवग्याच्या शेंगा त्यानंतर पाच मिनिटांनी, सोले आणि कोहळे शेवटची १० ते १२ मिनिटे राहिली असता, आणि पालक घालायचा असेल तर उतरवण्यापूर्वी दोन-तीन मिनिटे. कोहळ्याची साल पूर्ण काढू नये. सालीला धरून राहिलेला तुकडा फुटत नाही. वांगे या रश्श्यात घालू नये, असे माझे मत आहे: ते रस शोषून घेते, काळे पडते आणि बाकी सगळ्यांवर आपलीच चव लादते. हिरवी वांगी आणि सुकट यांचे लग्न लागलेले आहे, ते मोडण्याची गरज नाही.

सावजीची सवय

नागपूरच्या सावजी रश्श्याचा काळा मसाला आणि लाल तर्री (रश्श्यावर तरंगणारे तिखट तेल) यांची इतकी सवय जिभेला असते की मसाला कमी घातला तर स्वयंपाक अर्धवट झाल्यासारखे वाटते. या पदार्थात मात्र हाडांचा रस आणि भाज्यांचा गोडवा हाच मुख्य आहे. एक किलो कोंबडीला एक चमचा भिवापुरी मिरचीचे तिखट, अर्धा चमचा वायगावची हळद, दोन चमचे धणे-जिरे पूड, थोडी मिरी आणि एक तेजपान पुरे होते. कांदा-खोबऱ्याचे वाटण घातले तर तो चांगला कोंबडीचा रस्सा होईल, परंतु भाज्या ओळखू येणार नाहीत.

तिखट जास्त पडले असेल, तर मोठ्या चमच्याने वरची तर्री काढून घ्यावी. मिरचीचा तिखटपणा देणारे कॅप्सेसिन पाण्यापेक्षा तेलात अधिक विरघळते, म्हणून तर्री काढली की तिखटाचा मोठा वाटा गंजाबाहेर जातो. काढलेली तर्री फेकू नये, दुसऱ्या दिवशीच्या पोह्यांना ती चालते.

मीठ जास्त झाल्यावर कच्चा बटाटा किंवा कणकेचा गोळा टाकण्याचा सल्ला घराघरांत दिला जातो. तो गोळा खारट रस्सा शोषतो हे खरे. पण उरलेल्या रश्श्याचा खारटपणा जितका होता तितकाच राहतो, फक्त रस्सा कमी होतो. खरा उपाय म्हणजे प्रमाण वाढवणे: अळणी उकळलेले बटाटे-कोहळे आणि गरम पाणी घालावे. ही वेळच येऊ नये म्हणून सुरुवातीला निम्मेच मीठ घालावे, कारण रस्सा आटत जातो आणि मीठ मागे राहते.

रस्सा पातळ वाटत असेल तर आधी पाच मिनिटे थांबावे, थोडा निवल्यावर तो आपोआप दाटतो. तरीही पातळच राहिला तर शिजलेल्या बटाट्याचे चार-पाच तुकडे वाटीत कुस्करून परत घालावेत. ज्वारीचे पीठ लावायचे असल्यास दोन चमचे पीठ थंड पाण्यात कालवून, ढवळत ढवळत सोडावे आणि सात-आठ मिनिटे उकळू द्यावे. गरम रश्श्यात कोरडे पीठ भुरभुरले तर गुठळ्या होतात आणि कच्च्या पिठाचा वास शेवटपर्यंत जात नाही. तळाला लागले असेल तर ढवळू नये. वरचा रस्सा हलक्या हाताने दुसऱ्या गंजात काढावा आणि खालचा थर तसाच सोडावा. लसूण जळून कडवट झाला असेल तर मात्र कोणताही उपाय चालत नाही, फोडणी पुन्हा करावी. सांबार, म्हणजे हिरवी कोथिंबीर, गंज उतरवल्यावर घालावा, म्हणजे त्याचा वास टिकतो.

रात्रभर चुलीवर ठेवलेला गंज

मांस धुताना पाण्याचे शिंतोडे भाज्यांवर उडू देऊ नयेत, आणि ज्या विळीवर कोंबडी कापली तिच्यावर न धुता कोथिंबीर चिरू नये, हे थोडक्यात सांगून पुढच्या, अधिक दुर्लक्षित चुकीकडे येतो. ‘सकाळी उकळून घेऊ’ म्हणून उरलेला रस्सा रात्रभर कोमट चुलीवर ठेवणे हा सर्रास आढळणारा प्रकार आहे. काही जिवाणूंचे बीजाणू उकळीतही जिवंत राहतात आणि मोठ्या गंजात सावकाश निवणाऱ्या मांसात वेगाने वाढतात. शिवाय काही जिवाणूंनी तयार केलेले विष पुन्हा उकळल्याने नष्ट होत नाही. पौषातल्या रात्री धोका थोडा कमी असेल, पण मे महिन्यात चंद्रपूरकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो तेव्हा दोन तासही फार होतात. उरलेला रस्सा उथळ भांड्यांत ओतून, भांडी गार पाण्याच्या परातीत ठेवून लवकर निववावा आणि दोन तासांच्या आत, उन्हाळ्यात त्याहूनही लवकर, फ्रीजमध्ये ठेवावा. घरी फ्रीज नसेल तर उरेल इतका करूच नये, शेजारी वाटून टाकावा.

फ्रीजमधून दुसऱ्या दिवशी काढलेला गावरानाचा रस्सा थरथरत्या पदार्थासारखा गोठलेला दिसतो आणि अनेक घरांत तो खराब झाला असे समजून गोठ्यामागे टाकला जातो. तो गोठलेला भाग म्हणजे कोलॅजेनपासून झालेले जिलेटिनच आहे. आंबट वास किंवा फेस नसेल तर दोन दिवसांच्या आत, लागेल तेवढाच भाग काढून खळखळून उकळावा. तो काही मिनिटांत वितळतो. घरातल्या वडीलधाऱ्यांना आदल्या रात्रीपेक्षा हाच रस्सा जास्त आवडतो, आणि बहुधा भाकरीही शिळीच मागितली जाते.