मोटरच्या बेअरिंगचे ग्रीस बदलायचे कसे: आधी कुठले ग्रीस भरले होते हेच माहीत नसेल तेव्हा

सोसायटीच्या पंप रूममधली किंवा साकीनाका, भांडुप, वसईच्या गाळ्यातली मोटर वाजायला लागली की पहिला सल्ला ठरलेला असतो: "ग्रीस मारा." गन येते, निप्पलला लागते आणि मारणाऱ्याचा हात दुखेपर्यंत चालते. आवाज दोन दिवस बसतो. मग बेअरिंग तापते, जाम होते आणि दोष बेअरिंग बनवणाऱ्यावर जातो. कमी ग्रीसने बेअरिंग जाते हे सगळ्यांना ठाऊक आहे. जास्त ग्रीसने आणि बेमेल ग्रीसनेही ते तितक्याच खात्रीने जाते, पण ते कोणी तपासत नाही.

आधी मोटरच्या पाटीवर बेअरिंगचा नंबर बघा. नंबराच्या शेवटी झेडझेड किंवा २आरएस असेल तर ते बंद बेअरिंग आहे. त्याला ग्रीस द्यायचे नसते, वाजले की बदलायचे. लहान मोटरींत बहुतेक हेच असते. ग्रीस भरायचे निप्पल आणि खाली जुने ग्रीस बाहेर पडायचा ड्रेन प्लग असलेल्या मोटरींसाठीच पुढचे सगळे आहे.

वीज बंद करा, आयसोलेटरला (वीज पूर्ण तोडणाऱ्या मुख्य स्विचला) कुलूप लावा, किल्ली आपल्या खिशात ठेवा. नुसता स्टार्टर बंद केला म्हणजे मोटर बंद झाली असे नाही. पंप रूममध्ये टाकीतल्या पाण्याच्या पातळीवर चालणाऱ्या फ्लोट स्विचने मोटर कधीही सुरू होते.

ग्रीस निवडताना डब्यावर काय वाचायचे

रंग वाचायचा नाही. निळे, लाल, हिरवे हा फक्त रंग घातलेला असतो, त्यावरून आतला साबण, म्हणजे तेल घट्ट करणारा पदार्थ, कळत नाही. दोन कंपन्यांची निळी ग्रीसे एकमेकांची वैरी असू शकतात.

वाचायच्या गोष्टी तीन. पहिली, घट्टपणा. तो एनएलजीआय या क्रमांकाने सांगतात. एनएलजीआय २ म्हणजे २५ अंश सेल्सिअसला, घोटलेल्या ग्रीसमध्ये मोजणीचा शंकू २६५ ते २९५ दशांश मिलिमीटर रुततो. ३ म्हणजे २२० ते २५०, म्हणजे अधिक घट्ट. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटच्या बाजारात "एपी-३" म्हणून जे मागितले जाते, त्यातला ३ हाच. आडव्या मोटरला २ किंवा ३ दोन्ही चालतात. उभ्या शाफ्टला ३ घ्या. दुसरी गोष्ट, आतल्या तेलाचा दाटपणा. ४० अंशांवरचा सेंटीस्टोकमधला (दाटपणाच्या एककातला) आकडा डेटाशीटवर असतो. मिनिटाला १,५०० फेऱ्यांच्या मोटरला १०० ते १५० पुरे. ४६० चे जड ग्रीस संथ, भारी यंत्रांसाठी असते. ते मोटरमध्ये घातले की बेअरिंग ते घुसळत बसते आणि तापते. काळे मॉलिब्डेनमवाले ग्रीस "जास्त ताकदीचे" म्हणून मोटरला घालणेही चूकच. तिसरी गोष्ट, घट्ट करणारा पदार्थ कोणता: लिथियम, लिथियम कॉम्प्लेक्स, पॉलियुरिया, कॅल्शियम की बेंटोनाइट माती. डब्यावर हे लिहिलेले नसेल तर तो डबा परत करा.

लिथियम ग्रीसचे भारतीय मानक आयएस ७६२३ आहे. जर्मन पद्धतीने "केपी २ के -३०" असे लिहिले असेल तर ते असे वाचा: के म्हणजे बेअरिंगसाठीचे ग्रीस, पी म्हणजे जादा दाबासाठीची भर, २ म्हणजे एनएलजीआय, पुढचा के म्हणजे वर १२० अंशांपर्यंत आणि -३० म्हणजे खालची मर्यादा. फरसाण, बेकरी, दूध किंवा औषधाच्या कारखान्यात खाद्यपदार्थाच्या वर किंवा शेजारी असलेल्या यंत्राला एनएसएफ एच१ नोंदणीचेच (खाद्यपदार्थाला चुकून लागले तरी चालेल असे) ग्रीस लागते. डब्यावर नुसते "फूड ग्रेड" छापले असेल तर ते पुरेसे नाही, दुकानदाराकडे नोंदणी क्रमांक मागा.

जुने ग्रीस काढणे: इथेच सगळे बिघडते

ग्रीस म्हणजे दाट तेल नव्हे. त्यात बहुतेक तेलच असते, पण ते साबणाच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या जाळीत स्पंजासारखे धरून ठेवलेले असते. बेअरिंगला वंगण तेलच देते. जाळीचे काम ते हळूहळू सोडण्याचे. दोन वेगळ्या जातीची ग्रीसे एकत्र आली की कधी एक जाळी दुसरीला मोडते. मग मिश्रण ताकासारखे पातळ होऊन ड्रेनमधून आणि शाफ्टच्या कडेने गळते. कधी उलट होते: ते वाळलेल्या पिठासारखे घट्ट होते, तेल सोडतच नाही आणि गोळ्या कोरड्या फिरतात. हे त्याच दिवशी दिसत नाही. आठवडा-दोन आठवडे गरम फिरल्यावर दिसते, म्हणून दोष मिसळण्याला कोणी देत नाही.

साधे लिथियम आणि लिथियम कॉम्प्लेक्स बहुधा जमतात. पॉलियुरिया आणि लिथियम यांची जोडी धोक्याची, आणि गाळ्यांमध्ये नेमकी हीच घडते. कारण कारखान्यातून येणाऱ्या कित्येक मोटरींत पॉलियुरिया भरलेले असते आणि गाळ्यातल्या गनमध्ये लिथियम असते. बेंटोनाइट मातीचे ग्रीस जवळजवळ कोणाशीच जुळत नाही. बशीत दोन ग्रीसे बोटाने कालवून "जमतंय की" म्हणणे ही परीक्षा नव्हे. एएसटीएम डी६१८५ या प्रमाणित चाचणी पद्धतीत ५०:५०, १०:९० आणि ९०:१० अशी मिश्रणे करतात, ती गरम ठेवतात, लाखभर फेऱ्या घोटतात, मग घट्टपणा आणि वितळबिंदू मोजतात. बशीत हे होणार नाही.

म्हणून नियम एकच धरा. जुने ग्रीस कोणते हे कागदावर माहीत असेल आणि नवे त्याच जातीचे असेल, तरच निप्पलमधून नवे देऊन जुने बाहेर ढकलायचे. माहीत नसेल तर मोटर उघडायची. "भरपूर नवे मारले की जुने आपोआप निघते" हा सर्रास दिला जाणारा सल्ला आहे आणि तो चुकीचा आहे. नवे ग्रीस सोपी वाट शोधून ड्रेनकडे जाते. जुने गोळ्यांना जागेवर धरणाऱ्या केजमध्ये आणि आतल्या झाकणात तसेच राहते. ड्रेनमधून नवा रंग दिसला म्हणजे आत नवेच आहे असे समजू नका.

उघडल्यावर आधी कोरडे काम. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने झाकणातले आणि बेअरिंगभोवतीचे ग्रीस खरवडून काढा. पत्र्याचा तुकडा किंवा स्क्रू ड्रायव्हर गोळ्यांच्या वाटेला लावू नका, एक ओरखडाही पुढे आवाज देतो. कापूस वापरू नका, त्याचे तंतू आत राहतात. धागे न सुटणारा सुती कपडा घ्या. काढलेले ग्रीस बोटांत चोळून बघा. चकाकते कण असतील तर बेअरिंग संपले आहे, धुण्यात वेळ घालवू नका. दुधाळ असेल तर पाणी शिरले आहे, त्याची वाट शोधल्याशिवाय नवे भरू नका.

आता धुणे. यासाठी मिनरल टर्पेंटाइन, म्हणजे एमटीओ. भारतीय मानक आयएस १७४५, ग्रेड १४५/२०५. हे आकडे उकळण्याच्या तापमानाची कक्षा दाखवतात. सुटे, बिनलेबलचे "टर्पेंटाइन" घेऊ नका, त्यात काय मिसळले आहे ते कळत नाही. पेट्रोल तर अजिबात नाही. त्याची वाफ शून्याखाली कित्येक अंशांवरही पेट घेते आणि बंद पंप रूममध्ये ती जमिनीलगत साचून स्विचच्या ठिणगीची वाट बघते. पेंटचा थिनरही नको: तो वाइंडिंगचे (मोटरमधल्या तारेच्या वेटोळ्यांचे) वार्निश आणि रबरी सील दोन्ही खातो. डिझेल तेलकट पापुद्रा मागे ठेवते. कॉस्टिकवाला डिग्रीझर फरशीसाठी ठीक आहे, पण अॅल्युमिनियमच्या बॉडीला तो झिजवतो आणि हायड्रोजन सोडतो. स्प्रेच्या डब्यातला ब्रेक क्लीनर झटकन उडतो खरा, पण उडताना लोखंड थंड करतो आणि जुलै-ऑगस्टच्या हवेत त्या थंड लोखंडावर दव जमते. क्लोरीनवाला क्लीनर असेल तर त्याच्याजवळ वेल्डिंग चालू असता कामा नये, त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो.

एमटीओही जळतेच. मे महिन्यात कोंदट पंप रूम किती तापते ते तुम्हाला माहीत आहे, आणि एमटीओ पेट घेण्याचे तापमान त्याच्या फार वर नसते. दार उघडे, विडी-सिगारेट बाहेर, हातात नायट्राइलचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. पत्र्याची परात वापरा, प्लास्टिकची बादली नको. विकत घेताना सेफ्टी डेटाशीट मागा. तिचे १६ भाग असतात: ९ व्या भागात पेट घेण्याचे तापमान, ८ व्यात काय घालावे, ४ थ्यात डोळ्यात गेले तर काय करावे. ती न देणाऱ्या दुकानातून रसायन घेऊ नका.

दोन पराती ठेवा. पहिलीत नायलॉनच्या ब्रशने घाण सोडवायची, दुसरीत स्वच्छ एमटीओने खळबळून घ्यायचे. दुसरी परात गढूळ झाली की ती पहिली होते आणि दुसरीत ताजे ओतायचे. बेअरिंग शाफ्टवरच असेल तर वाइंडिंग प्लास्टिकने गुंडाळा आणि शाफ्ट उतरता धरा, म्हणजे थेंब कॉइलकडे जाणार नाही. वाइंडिंगमध्ये एमटीओ गेले तर ते पूर्ण सुकेपर्यंत आणि मेगरने (इन्सुलेशन मोजण्याच्या यंत्राने) तपासेपर्यंत मोटर सुरू करायची नाही.

सुकवताना दोन चुका होतात. कंप्रेसरच्या हवेने बेअरिंग गरगर फिरवून "शिट्टी" वाजवणे ही पहिली. वंगणाशिवाय हजारो फेऱ्यांनी गोळ्या घासतात, केज फुटली तर तुकडे तोंडावर येतात. आतली आणि बाहेरची कडी दोन्ही बोटांनी धरून, कडेने हवा मारा. दुसरी चूक, कंप्रेसरच्या टाकीतले पाणी न काढणे. पावसाळ्यात टाकीत इतके पाणी साचते की धुतलेले बेअरिंग तुम्ही स्वतःच भिजवता. आधी ड्रेन कॉक उघडा.

सुकल्यावर थांबायचे नाही. धुतलेल्या पोलादावर काहीही संरक्षण उरत नाही. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत उघड्या बेअरिंगवर रात्रीत गंज येतो आणि उघड्या बोटांच्या घामाचा ठसाही गंजतो. दुपारी धुऊन "उद्या भरू" असे करू नका. नवे बेअरिंग मात्र धुवायचेच नाही. त्यावरचे तेल संरक्षणासाठी असते आणि ते बहुतेक ग्रीसशी जमते.

भरणे

उघडलेल्या मोटरला: बेअरिंगच्या आत हाताने दाबून पूर्ण भरा, झाकणाच्या पोकळीत तिसरा हिस्सा ते निम्मे. उरलेली जागा मोकळीच राहायला हवी, फिरताना फेकले जाणारे ग्रीस तिथे बसते.

नंतर वेळोवेळी निप्पलमधून द्यायचे प्रमाण असे काढा: बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले जाडी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५. उत्तर ग्रॅममध्ये. ६३०९ बेअरिंग घ्या: व्यास १००, जाडी २५, म्हणजे साडेबारा ग्रॅम. ६३०८ ला सुमारे १०, ६३१२ ला २०. "पाच-सहा पंप" हे माप नव्हे. प्रत्येक गन वेगळे माप देते. कागदावर १० पंप मारा, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा, दहाने भागा, आकडा गनवर पेंटने लिहा. पंपाला सव्वा ग्रॅम येत असेल तर ६३०९ ला १० पंप, अकरावा नाही.

जास्त झाले तर बेअरिंग ते घुसळते, तापते, तेल वेगळे होते, आणि उरलेले आतल्या झाकणातून वाइंडिंगवर जाते. ड्रेन प्लग काढल्याशिवाय गन लावूच नका. प्लगच्या भोकातले वाळलेले ग्रीस तारेने मोकळे करा, निप्पल पुसा. गन अचानक कडक लागली तर जोर करू नका. शेकडो बारचा दाब असतो. सील फुटेल किंवा नळीला चीर असेल तर ग्रीस कातडीतून हातात शिरेल. वर टाचणीएवढे भोक दिसले तरी ते शस्त्रक्रियेचे काम असते, त्याच तासाला हॉस्पिटल.

प्लग उघडा ठेवून तास-दोन तास चालवा. सुरुवातीला बेअरिंग थोडे जास्त तापेल, मग उतरेल. उतरले नाही तर जास्त भरले आहे. नंतर प्लग लावा. बेअरिंग नेहमीच ७० अंशांच्या वर चालत असेल तर दर १५ अंशांना ग्रीसची मुदत निम्मी धरा. उभी मोटर असेल तर मुदत आणखी निम्मी.

उरलेले

परातीतले एमटीओ झाकण असलेल्या पत्र्याच्या डब्यात रात्रभर ठेवा. वरचे निवळ पुढच्या वेळी पहिल्या परातीला चालते. खालचा गाळ, काढलेले ग्रीस आणि तेलकट कपडे गटारात किंवा नाल्यात नाहीत. साकीनाका-कुर्ल्याचे नाले मिठी नदीत जातात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत वापरलेले तेल आणि तेलकट गाळ दोन्ही येतात. गाळ्याने ते ९० दिवसांच्या आत महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेल्या संस्थेला द्यायचे आणि पावती ठेवायची. सोसायटीने ग्रीसिंग करणाऱ्या कंत्राटदाराच्या कामातच हे लिहून घ्यावे.

तेल किंवा ग्रीसची बॅरल गच्चीवर उभी ठेवू नका. दिवसा तापून आणि रात्री थंड होऊन ती श्वास घेते, वर साचलेले पावसाचे पाणी बुचातून आत ओढते. आडवी ठेवा, दोन्ही बुचे घड्याळाच्या ३ आणि ९ वर.

शेवटी मोटरला पत्र्याची चकती बांधा. तिच्यावर ग्रीसचे पूर्ण नाव आणि जात, कपलिंगकडच्या आणि पंख्याकडच्या बेअरिंगला प्रत्येकी किती ग्रॅम, आणि तारीख. पुढच्या वेळी गन घेऊन येणारा माणूस दुसराच असेल.