स्वयंसेवेचे काम करताना स्वतःची उद्दिष्टे कशी साधावीत

मुंबईत नोकरी, लोकलचा प्रवास आणि घरची कामे उरकल्यावर जो थोडा वेळ हाती राहतो, त्यावर दोन गोष्टी हक्क सांगत असतात: मनात वर्षानुवर्षे राहून गेलेली स्वतःची उद्दिष्टे, आणि आपल्या वस्तीसाठी, शहरासाठी काही करावे ही ओढ. बहुतेक जण यांतील एक गोष्ट धरतात आणि दुसरीबद्दल रुखरुख बाळगतात. काम विचारपूर्वक निवडले आणि काही पथ्ये पाळली, तर या दोन्हींसाठी वेगवेगळा वेळ काढावा लागत नाही, असे माझे ठाम मत आहे. मात्र त्यासाठी एक अट सुरुवातीलाच मान्य केली पाहिजे. ज्यांच्यासाठी काम करायचे त्यांची गरज आणि आपले उद्दिष्ट यांची दिशा ज्या दिवशी वेगळी होईल, त्या दिवशी आपले उद्दिष्ट थांबेल आणि त्यांची गरज आधी भागवली जाईल. ज्यांना ही अट जड वाटते त्यांनी शुल्क भरून एखादा वर्ग लावावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

आधी उद्दिष्ट नीट लिहून काढा

“आत्मविश्वास वाढवायचा आहे” किंवा “माणूस म्हणून सुधारायचे आहे” अशा वाक्यांवरून कोणते काम निवडावे हे कळत नाही. तेच उद्दिष्ट “अनोळखी पालकांच्या सभेत कागदात न बघता दहा मिनिटे बोलता आले पाहिजे” किंवा “कोणी तीच चूक पुन्हा पुन्हा केली तरी माझा आवाज चढता कामा नये” असे लिहिले, की ते कुठे आणि कशातून साधेल याचा अंदाज येऊ लागतो. एका वेळी एकच उद्दिष्ट घ्यावे, फार तर दोन. लिहून झाल्यावर ते खरोखर आपलेच आहे का, हेही तपासावे, कारण आपल्या यादीतील काही गोष्टी नातेवाइकांच्या अपेक्षेतून किंवा बरोबरीच्या मित्रांच्या प्रगतीकडे बघून आलेल्या असतात आणि त्यांच्यासाठी रविवारची सकाळ मोडायची वेळ आली की मन लगेच काचकूच करू लागते.

सगळीच उद्दिष्टे या कामाशी जुळत नाहीत, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. गृहकर्ज फेडणे, पगार वाढवणे, अशा पैशांच्या प्रश्नांना स्वयंसेवेतून उत्तर मिळत नाही. स्पर्धा परीक्षा तीन महिन्यांवर आली असेल, तर त्या काळात नवी जबाबदारी घेऊ नये. याउलट संयम, श्रवण, लोकांसमोर बोलणे, एखादी भाषा बोलण्याची सवय, नियमितपणा, नव्या व्यवसायाची जवळून ओळख आणि निवृत्तीनंतर येणारे एकटेपण यांसाठी स्वयंसेवेसारखी दुसरी जागा मला माहीत नाही.

उद्दिष्टाला साजेसे काम

लहान मुलांना वाचायला शिकवण्याचे काम मुंबईत सहज मिळते, म्हणून ते सोपे आहे असा समज आहे. ‘प्रथम’ या संस्थेचे काम १९९५ मध्ये याच शहराच्या वस्त्यांमधून सुरू झाले, आणि तिने २००५ पासून चालवलेल्या ‘असर’ सर्वेक्षणात वापरली जाणारी वाचनाची पातळी ओळखण्याची पद्धत कोणत्याही स्वयंसेवकाला उपयोगी पडते: मूल अक्षर ओळखते का, शब्द वाचते का, सोपा परिच्छेद वाचते का, गोष्ट वाचते का, एवढेच बघायचे आणि इयत्ता कोणतीही असली तरी मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची. ज्यांना संयम कमवायचा आहे त्यांची कसोटी इथेच लागते. पाचवीतली मुलगी ‘पाऊस’ हा शब्द वाचताना ‘पा’ वर थांबते, वर आपल्या चेहऱ्याकडे बघते आणि आपण तो शब्द सांगण्याची वाट पाहते. त्या क्षणी गप्प राहायचे, चेहऱ्यावर घाई दिसू द्यायची नाही आणि ती स्वतः ‘ऊ’ पर्यंत पोहोचेपर्यंत बोट त्याच अक्षराखाली ठेवायचे. ऑफिसात दिवसभर दुसऱ्याचे वाक्य तोडून बोलणाऱ्या माणसाला हे फार अवघड जाते, आणि म्हणूनच त्याने हे काम घ्यावे.

ज्यांना श्रवण आणि एकाग्रता वाढवायची आहे, त्यांना मी दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी लेखनिक होण्याचे काम सुचवेन. मुंबईत अशी मागणी बारमाही असते. सेंट झेवियर्स महाविद्यालयात तर दृष्टिबाधित विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र केंद्रच आहे, आणि बोर्डाच्या परीक्षांचा फेब्रुवारी-मार्चचा हंगाम आला की लेखनिकांची शोधाशोध वाढते. लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा कमी असावे, असा दंडक बहुतेक परीक्षांत असतो, त्यामुळे शालेय परीक्षांसाठी खालच्या इयत्तेतील विद्यार्थीच लागतात आणि मोठ्यांचा उपयोग पदवी, पदव्युत्तर व स्पर्धा परीक्षांसाठी होतो. नाव देताना आपले शिक्षण अचूक सांगावे आणि त्या परीक्षेचे नियम विचारून घ्यावेत.

या कामाची शिस्त कडक आहे. प्रश्न विरामचिन्हांसह सावकाश वाचायचा, विचारले तर पुन्हा वाचायचा, आणि विद्यार्थी जे सांगेल तेच उतरवायचे. त्याचे उत्तर चुकते आहे हे आपल्याला दिसत असले तरी आवाजातून, थांबण्यातून किंवा खाकरण्यातूनही ते सूचित करायचे नाही. परीक्षेच्या आधी एकदा भेटून त्याच्या बोलण्याचा वेग, शब्द सांगण्याची लकब आणि आकृत्या सांगण्याची पद्धत समजून घेतली, तर परीक्षेच्या दिवशी त्याचा वेळ वाया जात नाही. तासामागे किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांच्या परीक्षेला चार तास बसायची तयारी हवी. स्वतःचे मत बाजूला ठेवून दुसऱ्याचे म्हणणे जसेच्या तसे ऐकण्याचा इतका सराव कोणत्याही व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरात मिळणार नाही.

आरोग्य किंवा समाजकार्याच्या क्षेत्रात वळण्याचा विचार असेल, तर परळच्या परिसरात जा. १९४१ पासून चालू असलेले टाटा मेमोरियल, शेजारचे केईएम, अशा रुग्णालयांत दूरदूरच्या राज्यांतून माणसे येतात. त्यांना कोणत्या खिडकीवर उभे राहायचे, केसपेपर कुठे काढायचा, रेशनकार्ड का मागतात, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी कोणती कागदपत्रे लागतात, हे कोणीतरी शांतपणे सांगावे लागते. हे काम रुग्णालयाच्या समाजसेवा विभागामार्फत किंवा तिथे आधीपासून काम करणाऱ्या संस्थेमार्फतच करावे. औषधोपचाराबद्दल एक शब्दही बोलू नये. “डॉक्टरांना काय विचारायचे ते आपण लिहून ठेवू या” एवढीच आपली मर्यादा. काही महिन्यांत हे क्षेत्र आपल्याला झेपेल की नाही याचे प्रामाणिक उत्तर मिळते, आणि ते नकारार्थी आले तरी अभ्यासक्रमाची फी भरण्याआधी ते कळलेले बरे.

प्रकृतीचे उद्दिष्ट असणाऱ्यांनी नियमित रक्तदानाचा संकल्प करावा. त्यासाठी वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन किमान १२.५ ग्रॅम लागते, दोन रक्तदानांत पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांचे अंतर ठेवावे लागते. म्हणजे स्वतःच्या तब्येतीची वेळोवेळी आपोआप तपासणी होते. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत शहरात रक्ताचा तुटवडा जाणवतो, तेव्हा तारखा त्या बेताने आखाव्यात. नियमितपणा हेच उद्दिष्ट असेल, तर किनारा सफाईचे काम उत्तम. वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेल्या वर्सोव्याच्या मोहिमेचे बळ आठवड्यामागून आठवडा त्याच किनाऱ्यावर परत येण्यात होते.

संस्था आणि वेळ

संस्था निवडताना ती महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली किंवा अन्य कायद्याखाली नोंदलेली आहे का, हे विचारावे. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरही शोध घेता येतो. मुलांबरोबर काम करणारी संस्था तुमचे ओळखपत्र मागत असेल, चौकशी करत असेल, मुलासोबत एकट्याने बसू देत नसेल आणि फोटो काढायला मनाई करत असेल, तर ती चांगली संस्था आहे असे समजावे. मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची शंका आली तरी ती पोलिसांना किंवा बाल पोलीस पथकाला कळवणे पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे, आणि स्वयंसेवक त्याला अपवाद नाही. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक प्रत्येक स्वयंसेवकाच्या फोनमध्ये असावा. ही सेवा १९९६ मध्ये मुंबईतच सुरू झाली.

वेळ ठरवताना उत्साहाला आवर घालावा. राष्ट्रीय सेवा योजनेत महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून वर्षाला १२० तासांची अपेक्षा असते, म्हणजे आठवड्याला सुमारे सव्वादोन तास. नोकरदार माणसालाही तेवढेच प्रमाण पुरेसे आहे. काम शक्यतो घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर किंवा आपल्याच रेल्वेमार्गावर घ्यावे. बोरिवलीत राहणाऱ्याने रविवारी मानखुर्दला जायचे ठरवले, तर मेगाब्लॉक आणि दादरची गाडी बदलण्याची गर्दी यांतच त्याची ताकद खर्च होते, आणि पावसाळ्यात रुळांवर पाणी साचले की खाडे सुरू होतात. वर्गात बसून राहिलेल्या मुलांना आपल्या खाड्याचे कारण दिसत नाही.

वही, ताई आणि तीन महिने

काम संपल्यावर घरी जाण्याआधी, गाडीत बसायला मिळाले तर गाडीतच, चार ओळी लिहाव्यात. डाव्या बाजूला आज ज्यांच्यासाठी गेलो त्यांचे काय झाले, आणि उजव्या बाजूला आपल्या उद्दिष्टाच्या दृष्टीने काय घडले. डावीकडे मुलांची किंवा रुग्णांची नावे, आजार वगैरे लिहू नयेत. “एक मुलगा परिच्छेदापर्यंत आला” एवढे पुरते. उजवीकडे मात्र स्वतःशी खरे बोलावे: “दोनदा आवाज चढला, दोन्ही वेळा शेवटच्या अर्ध्या तासात.” अशा नोंदींतून जे दिसते ते नुसत्या आठवणीतून दिसत नाही; कदाचित प्रश्न स्वभावाचा नसतो, भूक लागल्याचा असतो, आणि जाण्याआधी पोहे खाल्ले की निम्मे काम होते. उजवी बाजू भरत चालली आणि डावी रिकामीच राहू लागली, तर आपण लोकांना आपल्या सरावाचे साहित्य करत आहोत, असे समजावे. डावी भरलेली आणि उजवी रिकामी असेल, तर काम चांगले चालले आहे, पण उद्दिष्टासाठी दुसरी वाट शोधावी लागेल.

आपले उद्दिष्ट केंद्र चालवणाऱ्या ताईंना किंवा दादांना मोकळेपणाने सांगावे. अनेकांना हे स्वार्थीपणाचे वाटते, आणि मला ते अजिबात तसे वाटत नाही. “ताई, मला चार माणसांत बोलायची भीती वाटते. पुढच्या पालकसभेत एखादी सूचना सांगायचे काम मला द्याल का?” असे विचारले, तर त्या नक्कीच संधी शोधतील, किंवा “यंदा नको, या वेळी फीचा नाजूक विषय आहे, तो मीच बोलते” असेही सांगतील. दुसरे उत्तर आले तर सुरुवातीची अट आठवून सतरंज्या घालायला आणि चहा द्यायला उभे राहावे. कोण आई कुठे बसते, कोणता बाप कशावर चिडतो, ताई त्याला काय उत्तर देतात, हे त्या सभेत मागे उभे राहून जितके समजते तितके माईक हातात घेऊन समजत नाही.

तीन महिन्यांनी वही घेऊन त्यांच्यासोबत अर्धा तास बसावे. आपण वेळेवर येतो का, आपल्यामुळे काम वाढते की कमी होते, कुठे आपली लुडबूड होते, हे आधी विचारावे आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नये. मग आपले उद्दिष्ट पुन्हा वाचून पाहावे. ते बदललेले आढळले तर दचकू नये: भाषण शिकायला आलेल्या माणसाला आपल्याला शिकवायलाच आवडते असे कळू शकते, आणि सामाजिक क्षेत्रात नोकरी करायला निघालेल्याला आपली नोकरीच बरी, हे काम आठवड्यातून दोन तासच झेपते, असेही लक्षात येते. नवे उद्दिष्ट तारखेसह लिहावे आणि जुने खोडू नये.

थांबायची वेळ आली, तर निदान महिनाभर आधी कळवावे. हजेरीची नोंद, कोणते मूल कोणत्या पातळीवर आहे याचा तक्ता आणि किल्ल्या ताईंच्या हाती द्याव्यात, नवा स्वयंसेवक मिळाला असेल तर किमान दोन वेळा त्याच्याबरोबर वर्गात बसावे, आणि मुलांना शेवटच्या दिवशी न सांगता त्याआधीच्या आठवड्यात सांगावे. येणे जमणार नसेल तर “मी परत येईन” असे त्यांना म्हणू नये. आपल्या जागी कोण येणार आहे, त्याचे नाव सांगावे.