परवडणारा फुल-फ्रेम कॅमेरा पारखताना

फुल-फ्रेम सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे एपीएस-सी या लहान सेन्सरच्या साधारण अडीच पट क्षेत्रफळाचा असतो आणि कमी प्रकाशात त्याचा जो फायदा मिळतो, तो स्वस्त बॉडीतही (लेन्सशिवायच्या कॅमेऱ्यातही) बहुतांशी मिळतोच. काटछाट झालेली असते ती इतर गोष्टींत, म्हणून पारख करायची ती नेमके काय वगळले आहे याची. उदाहरणार्थ, २०१९ च्या कॅनन ईओएस आरपीमध्ये बॉडीतले स्टॅबिलायझेशन (हात हलल्याने येणारा धूसरपणा कमी करणारी सोय) नाही आणि फोर-के व्हिडिओत चौकट बरीच कापली जाते. २०२० च्या निकॉन झेड ५ मध्ये स्टॅबिलायझेशनही आहे आणि दोन कार्ड स्लॉटही, पण सलग छायाचित्रे सेकंदाला जेमतेम साडेचार निघतात. निसर्गदृश्ये टिपणाऱ्याला हा वेग पुरेसा असतो, उडते पक्षी टिपणाऱ्याला मात्र नाही.

बॉडी हाती आल्यावर रॉ फाइलवरच, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या माहितीवरच, भर द्यावा, कारण जेपेगमध्ये कॅमेऱ्याने केलेली सफाई दोष झाकते. एकाच चौकटीत खिडकी आणि अंधारा कोपरा घ्यावा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० वर मुद्दाम तीन स्टॉप कमी, म्हणजे एक-अष्टमांश प्रकाशाचे, एक्स्पोजर द्यावे आणि नंतर संगणकावर तेवढेच उजळून तो कोपरा न्याहाळावा: नुसते रवाळ दाणे दिसले तर चालतील, पण आडवे-उभे पट्टे किंवा जांभळट डाग उमटले तर ते काढताना नाकी नऊ येतात. २००८ च्या कॅनन ५डी मार्क २ चे असे पट्टे तर प्रसिद्धच आहेत. मग आयएसओ ३२०० आणि ६४०० वर तोच प्रयोग करावा; दोन कॅमेऱ्यांची तुलना असेल तर दोन्ही प्रतिमा आधी सारख्या आकाराच्या कराव्यात, नाहीतर जास्त मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यावर विनाकारण अन्याय होतो.

फोकसची परीक्षा दुकानाच्या लख्ख उजेडात होत नाही. मंद दिव्याखाली, चालत येणाऱ्या माणसाच्या डोळ्यावर फोकस कितपत टिकतो, ते पाहावे.

खर्चाचा खरा हिशेब लेन्सपाशी लागतो. आधीपासून आपल्याकडे असलेली एपीएस-सी लेन्स लावली तर सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो आणि २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यातून दहाच्या आसपासच उरतात, मग मोठ्या सेन्सरसाठी मोजलेले पैसे वायाच जातात. बॉडी घेऊन एकाही चांगल्या लेन्सपुरते पैसे उरत नसतील, तर मी एक पिढी जुनी बॉडी घ्यायला सांगेन. ती वापरलेली असल्यास लेन्सचे छिद्र एफ/१६ इतके बारीक करून, फोकस बिघडवून, कोऱ्या भिंतीचे छायाचित्र काढावे. सेन्सरवरचे डाग त्यात लगेच दिसतात.