सोसायटीच्या जुन्या संगणकावर लिनक्स कसे तपासावे

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज १० ला मिळणारी नियमित अद्यतने व साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ठाण्यातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातला संगणक टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची चिप) नसल्यामुळे विंडोज ११ साठी अपात्र ठरत असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी लिनक्स ही विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत कार्यप्रणाली अवश्य तपासावी.

सर्वप्रथम रोज लागणाऱ्या सॉफ्टवेअरची यादी करावी, कारण विंडोजच्या मक्तेदारीची खरी मुळे तिथेच आहेत. अमेरिकी सरकारने १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टविरुद्ध भरलेल्या खटल्यात न्यायाधीश थॉमस पेनफिल्ड जॅक्सन यांनी हेच नोंदवले होते: ग्राहक विंडोजकडे असल्यामुळे सॉफ्टवेअर प्रामुख्याने विंडोजसाठी लिहिले जाते आणि सॉफ्टवेअर तिथे असल्यामुळे ग्राहकही तिथून हलत नाहीत. हिशेबाचे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर त्याच्या विक्रेत्याकडे ब्राउझरवर चालणाऱ्या आवृत्तीची चौकशी करावी.

त्यानंतर लिनक्स मिंट ही लिनक्सची एक आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करावा. हार्ड डिस्कला हात न लावता प्रिंटर, वाय-फाय आणि मराठी कळफलक तपासता येतात. मराठी फायलींकडे विशेष लक्ष द्यावे. युनिकोड (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाणित पद्धत) येण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेली थकबाकीची जुनी नोटीस तो फाँट नसेल तर निरर्थक रोमन अक्षरांत उघडते, म्हणून अशा फायली आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्याव्यात. हे काम कंटाळवाणे आहे, पण ते टाळू नये, कारण सभासदांच्या नोंदी कोणत्याही एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहता कामा नयेत.

सर्व नोंदींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतल्यानंतरच लिनक्स कायमचे बसवावे.