मध्यम पल्ल्याच्या धावपटूंसाठी हंगामाची आखणी

हंगामाची आखणी नेहमी शेवटाकडून सुरू करावी. मुख्य स्पर्धेची तारीख आधी नोंदवून तिथून मागे साधारण २४ आठवडे मोजले, की कोणत्या कामाला किती वेळ मिळतो हे स्पष्ट होते. त्यांपैकी पहिले १० ते १२ आठवडे पायाभरणीसाठी, म्हणजे संथ धावांनी दमसास वाढवण्यासाठी, राखावेत आणि त्यांत कपात करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा, कारण ८०० मीटरच्या शर्यतीतही निम्म्याहून अधिक ऊर्जा ऑक्सिजनच्या आधारे तयार होते आणि १५०० मीटरमध्ये हा वाटा आणखी वाढतो. न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड ८०० मीटरच्या धावपटूंकडूनही आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर धाव करून घेत. त्यांचे शिष्य पीटर स्नेल यांनी १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये या दोन्ही शर्यती जिंकल्या. एवढे अंतर प्रत्येकाला झेपत नाही, म्हणून सोबत्याशी बोलता येईल अशा वेगाने धावत ते हळूहळू वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्यात कमी करावे.

पुढचे काही आठवडे चढावरील धावांना द्यावेत.

त्यानंतर शर्यतीचा वेग अंगवळणी पाडावा. ८०० मीटर २ मिनिटांत धावायचे असेल, तर २०० मीटरच्या ८ धावा प्रत्येकी ३० सेकंदांत, मध्ये २ मिनिटांची विश्रांती घेऊन कराव्यात. पहिली धाव २७ सेकंदांत आणि शेवटची ३३ सेकंदांत झाली, तर ते सत्र फसले असेच मी मानतो. स्पर्धेपूर्वीच्या १० दिवसांत अंतर निम्म्यावर आणावे, वेग मात्र सोडू नये.